पंपामागे

उकंडा टेकामला मजुरी पंपामागे मिळायची.
दिवसामागे नाही, एकरामागे नाही.
पाठीवर सोळा लिटर, ते रिकामं झालं की एक.
मोजणी म्हणून तो धुऱ्यावर खडा मांडायचा,
संध्याकाळी मालक खडे मोजायचा,
कधीमधी एखादा पायानं सरकवायचा.

पहिल्या सालात पंपाला चार रुपये.
मग सात. बारा झाले तेव्हा टोळीत नऊ जण होते,
वीस झाले तेव्हा पाच.
तीस झाले त्या सालाबद्दल कोणी नीट बोलत नाही.
किसना दवाखान्यातून परत आला
आणि त्याला प्रत्येक दिव्याभोवती कडं दिसायला लागलं.
भाव चढला, असं सगळे म्हणतात.
माणसं उतरली, असं कोणी म्हणत नाही.

मी ड्रोन उडवते.
पंधरा दिवसांचं ट्रेनिंग,
प्रमाणपत्रावर फोटो, वेणी घट्ट घातलेली.
एका बॅटरीत एक एकर, आठ मिनिटं.
गटाच्या वहीत एकरी चारशे,
त्यातून हप्ता, टेम्पोचं डिझेल, चार्जिंगचं बिल.
उरेल ते माझं. कधी उरतं.

या हंगामात उकंडाकाका माझ्याकडे रोजानं आहेत.
बॅटऱ्या बदलायच्या, पाणी गाळायचं,
शाळा सोडून आलेल्या पोट्ट्यांना लांब ठेवायचं.
साडेतीनशे रुपये.
रजिस्टरात नावापुढे 'हेल्पर',
त्याच्या पुढचा रकाना 'कौशल्य'.
पहिल्या दिवशी मी तिथं आडवी रेघ ओढली होती,
पट्टी लावून.

आज गेडामांच्या वावरात
स्क्रीन हिरवी, वारा ठीक.
मी बोट टेकवणार, तेवढ्यात
"थांब वं बाई."
"काका, वारा बरोबर आहे."
"अथी बरोबर हाय. नाल्याकडे पाह्य.
पऱ्हाटी पोट दाखवून राह्यली."

पाहिलं. नाल्याच्या अंगाची सगळी पानं उलटलेली,
फिकी, खालून वर.
आणि नाल्यापलीकडे सात बाया निंदत होत्या,
दोघी तर आमच्याच गटातल्या,
डब्यांची फडकी बाभळीला बांधलेली.

आम्ही बसलो. अर्धा तास, त्याचे पैसे कोणीच देत नाही.
काका मातीकडे बघत सांगत होते:
वारा खांद्यावर घ्यायचा, तोंडावर नाही.
नोझल चोंदलं तर काडी घालायची,
फुंकायचं नाही. किसनानं फुंकलं होतं.
जीभ गोड लागली तर त्या दिवशी पंप उचलायचा नाही,
मग कोणी कितीही बोलो.
अंगातला सदरा कुडाबाहेर काढायचा,
लेकराला घ्यायच्या आधी.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"
"कोनाले येळ होता?"

मग पानं सरळ झाली. त्यांनी मान हलवली,
मी बोट टेकवलं.

दिवेलागणीला सामान भरताना धुऱ्यावर खडे दिसले,
एका ओळीत, सारख्या अंतरावर.
"रोजावर आहात ना काका, खडे कशाला?"
ते हसले नाहीत. हात पुसत राहिले.
मी उगाच मोजले. अकरा.
स्क्रीनवर दहा.
पुन्हा मोजले. वाकून, बोट लावून.
मग नोंदी उघडल्या, एकेक मागे जात:
दुपारी रेंज गेली तेव्हाची एक फेरी
कुठेच लागलेली नव्हती.

एक एकर. चारशे रुपये. माझे.

रजिस्टर मांडीवर घेतलं टेम्पोत.
ती रेघ शाईची आहे, खोडरबरानं जात नाही.
तिच्यावर लिहावं तर काय लिहावं,
आणि रकाना केवढासा.
काका मागं बॅटऱ्यांच्या पेटीला टेकून झोपले होते,
फडकं तोंडावर, आतल्या बाजूनं,
वारा ज्या बाजूनं येत होता
तिकडे पाठ करून.